पित्ताचे औषध तिसऱ्यांदा लिहिण्याआधी

सकाळी उठताच उलटी होते, डोकेदुखी थोडी उतरते आणि दुपारी पोर अंगणात खेळते. अशा मुलाला आपण पित्ताचे औषध देतो. तेच मूल तिसऱ्यांदा आले, की त्याला सरळ रेषेत चालवून पाहावे आणि ऑफ्थॅल्मोस्कोपने ऑप्टिक डिस्क पाहावी. मेडुलोब्लास्टोमाचा संशय येण्यासाठी एवढे बहुधा पुरते.

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो, २०२४ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नागपूर जवळ आले. आता उशीर होतो तो मुख्यतः ओपीडीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ मोहिमेने डॉक्टरांना आणि पालकांना मुलांच्या मेंदूतील गाठींच्या लक्षणांची उजळणी करून दिली. निदानाला पूर्वी १४ आठवड्यांहून अधिक काळ लागे, तो दोन वर्षांत सातच्या आत आला.

अधिक फसवतात त्या पिट्युटरीजवळच्या दुर्मीळ गाठी. दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो, रात्री उठून तांब्याभर पाणी पितो, साखर मात्र नॉर्मल. उंचीचा आलेख वर्षभर सपाट. इथे जर्मिनोमा किंवा क्रेनिओफॅरिंजिओमा मनात यायलाच हवा. जर्मिनोमात घाईने मोठी शस्त्रक्रिया करणे नुकसानीचे. एमआरआय, मग रक्तात आणि धोका नसल्यास पाठीच्या पाण्यात एएफपी व बीटा-एचसीजी, गरजेपुरती बायॉप्सी, त्यानंतर केमो व रेडिएशन. या वाटेने दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे आणखी एक सापळा आहे. स्कॅनवर गाठ दिसली, की ट्युबरक्युलोमा समजून टीबीची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. ती सुरू करायची असतील तर पुढच्या स्कॅनची तारीख त्याच दिवशी ठरवा.

उपचारांचे मोजमाप केवळ जगण्याने होत नाही, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने दाखवले. कमी तीव्रतेच्या गाठी असलेल्या ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर तिथे नेमक्या जागी दिलेल्या आणि पारंपरिक रेडिएशनची तुलना झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. बुद्धी मात्र नेमक्या रेडिएशनमध्ये अधिक टिकली, आणि पाच वर्षांत हार्मोनचा नवा बिघाड ५१ ऐवजी ३१ टक्के रुग्णांत झाला.

तरीही हे ३१ टक्के उरतातच, आणि ती मुले रिसोड, मानोरा, मालेगावला परत येतात. पुढची वर्षे ती तुमचीच. थायरॉक्सिनआधी कॉर्टिसॉल तपासा. हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या मुलाला ताप आला तर डोस किती वाढवायचा आणि उलट्या होत असतील तर इंजेक्शन कधी द्यायचे, हे आईला समजेल अशा मराठीत फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. त्याची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवा.