मुठीत न मावणारे यंत्र

अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे स्थानक आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव सोयाबीन आणि तुरीच्या शिवाराने वेढलेले. जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला आणि २०१८ साली केंद्र सरकारने त्याची गणना देशातील 'आकांक्षित', म्हणजे साध्या मराठीत मागासलेल्या, जिल्ह्यांत केली. अशा गावात स्मार्टफोनचा पडदा किती इंचांचा असावा हा प्रश्न काढणे म्हणजे शहरी चोचले, असे पक्षातील अनेकांना वाटेल. दुष्काळ, कर्ज आणि सोयाबीनचा भाव यांच्यापुढे फोनच्या लांबीरुंदीची काय मातबरी? तथापि गेल्या काही वर्षांत शासनाने ग्रामीण कष्टकऱ्यांच्या आयुष्यात या यंत्राला जे स्थान दिले आहे ते पाहता हा आक्षेप टिकत नाही. ज्या वस्तूवाचून हजेरी लागत नाही, पिकाची नोंद होत नाही आणि बालकाचा आहार हिशेबात येत नाही, ती वस्तू चैनीची राहिलेली नाही. ती अवजार झाली आहे. आणि अवजार हाताला बसते की नाही हा प्रश्न कामगार चळवळीने कधीही क्षुल्लक मानलेला नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. २००३ साली बाजारात आलेला नोकिया ११०० हा फोन ८६ ग्रॅम वजनाचा होता. त्याला विजेरी होती, धूळ आत शिरू नये अशी कळपट्टी होती, आणि तो कोणत्याही मुठीत मावत असे. २००७ साली ॲपलचा पहिला आयफोन आला, त्याचा पडदा साडेतीन इंचांचा. २०१० साली त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी, हातात न मावणारा मोठा फोन कोणीही विकत घेणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा फोन काढला. त्याची प्रथम थट्टा झाली, मग खप झाला. २०१४ साली ॲपलनेही आपला शब्द गिळला आणि साडेपाच इंचांचा फोन विक्रीस ठेवला. आज साध्यातल्या साध्या फोनचा पडदा साडेसहा इंचांच्या पुढे आहे आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास.

या इंचांच्या गणितातही थोडी हातचलाखी आहे. इंच मोजले जातात ते कर्णाचे. पडदा उंच आणि अरुंद केला की कर्ण वाढतो, क्षेत्रफळ मात्र त्या मानाने वाढत नाही. पहिल्या आयफोनचा पडदा सुमारे साडेपाच चौरस इंचांचा होता, आजचा ६.७ इंचांचा उभट पडदा सुमारे १७ चौरस इंचांचा भरतो. गिऱ्हाइकाला वाचायला जागा मिळाली तिप्पट. अंगठ्याला मात्र वरच्या कोपऱ्यापर्यंत चढण्याची शिक्षा झाली, कारण वाढ झाली ती मुख्यतः उंचीत. परत जाण्याचे चिन्ह, शोधण्याची जागा, 'जतन करा'ची कळ अशा नेमक्या हव्या त्या गोष्टी अनेक ॲपांत याच वरच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेल्या असतात.

हे सारे लोकांनीच निवडले, असे बाजाराचे समर्थक सांगतात. लहान फोन विकला गेला नाही म्हणून तो बंद झाला, हा त्यांचा पुरावा. २०२० आणि २०२१ साली ॲपलने ५.४ इंचांचे 'मिनी' फोन काढले आणि २०२२ च्या मालिकेतून ते वगळले, हे खरे आहे. परंतु त्या फोनांची किंमत वाशिमच्या शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी होती. त्याच्या ऐपतीतील चांगला लहान फोन बाजारात ठेवलाच गेला नाही, तेव्हा त्याने तो नाकारला असे म्हणण्यात काय अर्थ? मोठ्या पडद्यामागे दुसरेही अर्थकारण आहे. मोठ्या चौकटीत मोठी बॅटरी बसते, ही त्याची एक बाजू. दुसरी अशी की, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि फोन हे बोलण्याचे साधन न राहता पाहण्याचे साधन झाले. जितका पडदा मोठा, तितका वेळ डोळा त्यावर अधिक खिळतो, आणि खिळलेल्या डोळ्यांची विक्री जाहिरातदारांना होते. हाताची सोय हा या हिशेबातील रकमेचा भाग नाही.

हात कोणाचा, हाही प्रश्न आहे. ब्रिटिश लेखिका कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी २०१९ सालच्या 'इनव्हिजिबल वुमेन' या ग्रंथात दाखवून दिले की, फोनसारख्या वस्तू पुरुषाच्या हाताचे माप धरून बनतात आणि त्यालाच माणसाचे माप म्हटले जाते. २०१३ साली इस्तंबूलच्या गेझी उद्यानातील आंदोलनात अश्रुधुराचे छायाचित्र एका हाताने घेता येईना, तेव्हा झेनेप तुफेक्ची या समाजशास्त्रज्ञ स्त्रीनेही हेच गाऱ्हाणे मांडले होते. इस्तंबूलहून जऊळका दूर आहे, पण तळहात तोच आहे. शिवाय साडीला खिसा नाही. पुरुषाच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावणारा फोन बाईने कोठे ठेवावा, याचा विचार कोणत्याही आराखड्यात झालेला दिसत नाही.

आता अंगणवाडीत डोकवावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा सेविकेचे अवजार म्हणजे वजनकाटा आणि नोंदवह्या. आज ते फोन आहे. मूल मांडीवर किंवा काखेत असते, दुसऱ्या हाताने पडद्यावर त्याचे वजन भरायचे असते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा आहार देताना लाभार्थी मातेचा चेहरा फोनला ओळखू देणे सक्तीचे झाले. म्हणजे सेविकेने एका हाताने फोन समोर स्थिर धरायचा, मातेने चौकटीत तोंड आणून पापण्या मिटायच्या, आणि जाळे गेले की सारे पुन्हा पहिल्यापासून. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, स्नायुबंधांना सूज येण्याचा एक विकार स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ सालीच वर्णिला आहे. तान्ह्या मुलाला वारंवार उचलणाऱ्या स्त्रियांत तो विशेष आढळतो आणि अंगठा पुन्हा पुन्हा ताणल्याने बळावतो. मूल उचलणे आणि पडद्यावर अंगठा ताणणे ही दोन्ही कामे ज्या एकाच नोकरीत एकत्र आली, ती मानधनावरची आहे. शासन तिला नोकरी म्हणायलाही तयार नसते.

या बाबतीत महाराष्ट्राला एक मोठा अनुभव आहे आणि तो नीट वाचला पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. ते फोन आकाराने मोठे होते अशी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती की दोन जीबी रॅमचा तो फोन तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येतो, आणि त्यात भरावयाचा 'पोषण ट्रॅकर' इंग्रजी जाणतो, मराठी जाणत नाही. परिणामी अनेकींना घरच्या फोनवर, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर, सरकारचे काम करावे लागले. म्हणजे शासनाने दिलेले अवजार निकामी आणि बाजाराने दिलेले अवजार बेमाप, अशा कात्रीत सेविका सापडली. दोन्ही ठिकाणी मूळ दोष एकच: ज्या बाईने हे यंत्र दिवसभर हातात धरायचे, तिला कोणी विचारले नाही. आज 'अंग्रेजी हटाओ' म्हणणाऱ्या लोहियांची टिंगल करणाऱ्यांनी तो इंग्रजी फॉर्म एकदा भर उन्हात भरून पाहावा.

शेतकऱ्याची स्थिती निराळी नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः, आपल्या शेतात उभे राहून, छायाचित्रासह करायची ठरली. तलाठ्याच्या मर्जीतून सुटका ही कल्पना चांगलीच होती, तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु खरिपाची नोंद पावसाळ्यात होते. हा पडदा बोटाच्या त्वचेतील विद्युतभार ओळखून चालतो. त्यावर पाण्याचे थेंब पडले की तो गोंधळतो, आणि घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांना तो पुष्कळदा दादच देत नाही. आधारच्या यंत्रावर ज्यांचे झिजलेले ठसे उमटत नाहीत, तीच ही बोटे. चिखलात एका हाताने धुरा सावरीत दुसऱ्या हाताने पावणेसात इंचांची काच सांभाळणे हे कसब आहे. ती पडली तर नव्या पडद्याचा भुर्दंड लहान नसतो. रोजगार हमीच्या कामांवरही १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोनच्या छायाचित्राने घेणे सक्तीचे करण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने मागेल त्याला काम हे तत्त्व उचलून धरले, तेथे घाम गाळूनही छायाचित्र चढले नाही तर मजुरी अडू लागली.

मोठ्या पडद्याची दुसरी बाजू लपवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना मोठी अक्षरे हवी असतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, जोडाक्षरे दाटीवाटीने बसतात. रोमन लिपी ज्या आकारात सहज वाचता येते त्या आकारात मराठी मजकूर मुंग्यांची रांग होतो. २०२० च्या टाळेबंदीत घरातील एकाच फोनवर दोन-तीन भावंडांची शाळा भरली, तेव्हा त्या पडद्याचा प्रत्येक इंच मोलाचा होता. ज्या घरात दूरचित्रवाणी नाही, संगणक नाही, पुस्तकेही नाहीत, तेथे हा पडदाच सर्व काही आहे. म्हणून 'फोन लहान करा' अशी सरसकट मागणी करणे म्हणजे श्रीमंताने दुसरे उपकरण घरी ठेवून गरिबाला साधेपणा शिकवण्यासारखे ठरेल. वाचायला मोठा पडदा आणि कामाला हातात बसणारे यंत्र, या दोन गरजा आहेत, आणि दोन्ही एका वस्तूवर लादल्या गेल्या आहेत कारण गरिबाला दुसरी वस्तू घेता येत नाही.

याबाबत १९२९ सालची एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी पाहाव्यात. यंत्र वजनाने हलके आणि सहज हलवता येणारे असावे. ते खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. एका स्त्रीला त्यावर विशेष श्रम न होता सलग आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. दुरुस्ती जागच्या जागी व्हावी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही एक यंत्र सादर केले, परंतु परीक्षकांच्या कसोटीला ते पूर्ण उतरले नाही आणि पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पारितोषिक हुकले, पण अटींची रीत पाहण्यासारखी आहे: आधी बाईचा हात, तिचे घर, तिचे आठ तास, आणि मग यंत्र. लोहियांनी ज्या लहान यंत्राचा पुरस्कार केला त्यामागेही हीच दृष्टी होती. आज शासनाच्या निविदांत रॅम आणि स्मृती यांचे आकडे असतात. वजन किती, एका हाताने चालतो का, उन्हात दिसतो का, ओल्या बोटाला ओळखतो का, याचे कलम शोधून सापडत नाही.

आता पक्ष-कार्यकर्त्यांचे काम. सेविकांच्या आणि आशांच्या संघटनांनी मानधनाच्या मागणीबरोबर अवजाराची मागणी जोडावी. दुरुस्तीचा आणि फुटलेल्या पडद्याचा खर्च मालकाचा, म्हणजे शासनाचा, हे तत्त्व मान्य करून घ्यावे. सरकारी ॲपांतील मुख्य कळा पडद्याच्या खालच्या अर्ध्यात, मराठीत आणि अंगठ्याएवढ्या असाव्यात. याला नवा फोन लागत नाही, केवळ लिहिणाऱ्याची इच्छा लागते. अनेक फोनांत पडदा एका हातासाठी खाली ओढण्याची सोय आताही दडलेली आहे, ती शाखेच्या बैठकीत पाच मिनिटांत शिकवता येईल. आणि पक्षाने स्वतःकडेही पाहावे. जिल्हा कार्यालयांतून निघणारी परिपत्रके दोन स्तंभांच्या छापील पानाचे चित्र काढून पाठवली जातात; ती वाचण्यासाठी गावातील कार्यकर्त्याला दोन बोटांनी पान ताणत डावीकडून उजवीकडे फिरावे लागते. तोच मजकूर साध्या संदेशात पाठवला तर सर्वांत लहान फोनवरही वाचता येतो.

शासनाच्या पुढील खरेदीपूर्वी एक गोष्ट सहज शक्य आहे. मालेगाव तालुक्यातील दहा सेविकांच्या हाती वेगवेगळ्या मापांचे चार नमुने पंधरा दिवस द्यावेत; जऊळक्याच्या अंगणवाडीत, पावसाळ्यात, मुलांच्या वजनाच्या दिवशी ते वापरून पाहावेत, आणि त्या दहाजणींचे म्हणणे निविदेला जोडावे.