तोरणमाळचा तलाव आणि सायकलची फेरी

भडगावच्या बाजारपेठेत सायकल एके काळी पेढीच्याच कामाची होती. उधारीच्या वसुलीला, पावती पोहोचवायला, शेजारच्या गावी सरकीचा भाव विचारून यायला तिचा उपयोग होई. मोटारसायकल आली आणि ती माडीच्या जिन्याखाली गेली. आता तीच सायकल रुंद टायर, पुढे शॉक-अप आणि गिअर लावून घरात परत आली आहे. कॉलेजात जाणारी मुले ती हौसेने मागतात, आणि गल्ल्यावर बसलेले काका विचारतात, ‘‘हिच्यावर बसून जायचे कुठे?’’

प्रश्न वाजवी आहे. गिरणाकाठचा मुलूख सपाट आहे. डोंगरातल्या वाटांसाठी घडविलेले वाहन येथे केवळ मिरविण्यापुरते उरते. परंतु खान्देशाने फार दूर जाण्याचे कारण नाही. उत्तरेला सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,143 मीटर उंचीवर तोरणमाळचे पठार आहे. 1998 साली नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तोरणाच्या झुडपांवरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. पठाराच्या मध्यावर यशवंत तलाव पसरला आहे. कमळांचा एक लहान तलावही जवळच आहे, आणि कडेला सीताखाईची खोल दरी. डोंगरमाथ्यावर असे निवांत पाणी महाराष्ट्रात फार ठिकाणी आढळत नाही. त्याच्या काठाने सायकलवर फिरणे हा या वाहनाचा खरा उपयोग होय.

मात्र तेथवर पोहोचण्याचा मार्ग हा सायकलस्वाराचा पहिला मोह असतो. शहाद्याकडून चढणारा घाट वळणावळणाचा आहे. तो उतरताना वाऱ्यासारखे सुटावे असे तरुणांना वाटणारच. येथे या खेळाचा जन्म आठवावा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली सोडीत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. 1976 साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव या पुन्हा भरण्यावरूनच पडले. पुढे त्याच मंडळींनी मजबूत सांगाडे, अनेक गिअर आणि हाताचे चांगले ब्रेक जोडून नवी सायकल घडविली. 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीला स्थान मिळाले. म्हणजे या साऱ्या खेळाची सुरुवातच जळलेल्या ब्रेकपासून झाली. ज्या घाटात जीपगाड्या आणि एस.टी. समोरून येतात, त्या घाटात मुलांना सायकलवरून उतरू देणे हे धाडस नव्हे, अविचार होय. सायकली गाडीच्या टपावर बांधून पठारावर न्याव्यात आणि तशाच परत आणाव्यात. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

पठारावर गोष्ट वेगळी आहे. तलावाकाठची वाट चढते ती थोडी, उतरते तीही थोडी, आणि पडलेच तर गुडघा खरचटण्यापलीकडे सहसा काही होत नाही. डांबर संपून मुरूम आणि सुटे दगड सुरू झाले की टायरमधली हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर दगडावर चिकटून चालतो. चढ येण्याआधीच गिअर हलका करावा. चढावर जोर लावून बदलला तर साखळी कुरकुरते, कधी तुटतेही. उताराला सीटवरून किंचित उठून अंग मागे न्यावे आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबावेत. केवळ पुढचा जोरात दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये, दहा-पंधरा पावलांवर असावी. नजर जिकडे जाते तिकडे सायकल जाते, म्हणूनच खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच पडतो. हेल्मेटाला पर्याय नाही. महागड्या सांगाड्यावर खर्च करण्यापेक्षा हेल्मेट आणि ब्रेक यांवर केलेला खर्च अधिक शहाणपणाचा.

या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. काठाची ही वाट सायकलसाठी झालेली नाही. पावरा आणि भिल्ल समाजाची माणसे तिच्यावरून पाण्याला, शेताला, बाजाराला जातात, गुरे चारतात. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बाईला अरुंद वाटेवर चटकन बाजूला होता येत नाही. मोळी आडवी असते आणि मान वळविता येत नाही. मागून घंटी वाजवून तिला वाट सोडायला लावणारा तरुण कितीही चांगल्या घरचा असो, तो तेथे असभ्यच ठरतो. अशा वेळी सायकलवरून उतरावे, काठ सोडून उभे राहावे आणि ती पुढे गेल्यावर निघावे. गुरांच्या बाबतीतही हेच, कारण वासरू बिथरले तर तलावाकडेच धावते. पावसाळ्यात तर ही फेरी टाळावीच. ओल्या वाटेत चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यांतून पाणी वाहून पुढच्या वर्षी तेथे ओघळ होतो, आणि वाटेवर जीवजंतूही त्या दिवसांत अधिक असतात.

मग जावे केव्हा? भाऊबीज झाल्यापासून लाभपंचमीला पेढी उघडेपर्यंतचे दिवस सोयीचे. चिखल वाळलेला असतो, तलाव भरलेला असतो, आणि एकदा कापसाची आवक वाढली की कर्त्या माणसाला वखारीतून मान वर करायला फुरसत मिळत नाही. तोपर्यंतचा सराव घरच्या घरी होऊ शकतो. जामद्याच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटांच्या कडेचे कच्चे रस्ते त्यासाठी उत्तम आहेत. तेथे बाभळीचा काटा आणि सराटा मात्र नित्याचा. जास्तीची ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवावे, आणि ट्यूब बदलायची सवय घरच्या अंगणातच करावी. काटा काढताना टायरच्या आतून बोट फिरवून पाहावे. तुटलेले टोक आतच राहिले तर नवी ट्यूबही अर्ध्या तासात बसते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांनी तोरणमाळला शेवटची फेरी साडेचारच्या आधी संपवावी. कार्तिकात उजेड लवकर ओसरतो, आणि काठावर सावली आली की वाटेवरचा सुटा दगड आणि शेणाचा पो यांतला फरक लांबून कळेनासा होतो.