हुकूमशहा नव्हे, मास्तर हवा होता

दिवाळीत सगळे जमलो होतो. फराळ झाला, पोरं फटाके घेऊन बाहेर पळाली आणि आमचा धाकटा पुतण्या नेहमीच्या विषयावर आला. "काका, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याला पंधरा वर्षं एखादा हुकूमशहा मिळायला हवा होता. सिंगापूरच्या ली क्वान यूसारखा, नाहीतर कोरियाच्या पार्क चुंग हीसारखा. आज आपण कुठल्या कुठे असतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याही तर म्हणाले, "चाबूकच हवा आपल्या लोकांना." मी गप्प बसलो. छत्तीस वर्षं वर्गात बोलल्यावर घरी बोलायचा कंटाळा येतो. पण रात्री झोप येईना, म्हणून हे लिहितोय. पुतण्या इथलं वाचतो, तेव्हा उत्तर त्यालाच आहे असं समजावं.

जर-तरचा खेळ मलाही आवडतो. पण खेळायचा तर नियमानं खेळावा. हुकूमशहा आला की भरभराट येते असं असतं, तर ब्रह्मदेश आज आपल्या पुढे असता. तिथे ने विननं १९६२ पासून १९८८ पर्यंत चाबूक चालवला. झैरेत मोबुटू १९६५ ते १९९७, फिलिपाइन्सला मार्कोस. चाबकाला कुठेच कमी नव्हती, मग भाकरी कुठे गेली? आपण फक्त पास झालेल्या पोरांची नावं घेतो आणि नापासांची यादी दडवतो. मास्तराला ही लबाडी लगेच कळते.

बरं, कोरियाचंच घ्या. पार्क सत्तेवर आला १९६१ साली. त्याच्या आधी तिथे काय झालं होतं? जपान्यांचं राज्य गेलं तेव्हा, १९४५ ला, तिथे बहुसंख्य लोक निरक्षर होते. १९४९-५० मध्ये जमिनीचा कायदा झाला. साधारण तीन हेक्टरच्या वरची जमीन जमीनदाराकडून घेऊन कसणाऱ्याला दिली. मध्ये तीन वर्षांचं भयंकर युद्ध झालं. ते संपताच १९५४ पासून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना घेतली आणि १९५९-६० पर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत बसलं. म्हणजे पार्कसाहेब आले तेव्हा पाटी-पेन्सिल आणि सात-बारा दोन्ही लोकांच्या हातात होते. शेत नांगरून, पेरून तयार होतं, आणि आपण कौतुक करतो ते खळ्यावर उभं राहून हुकूम सोडणाऱ्याचं.

मग आपला खरा 'जर' कुठला? माझ्या मते त्याची तारीखसुद्धा सांगता येते. १९ मार्च १९१२.

त्या दिवशी कलकत्त्याच्या कौन्सिलात नामदार गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं बिल पडलं. विरुद्ध ३८, बाजूनं १३. बिलात मागणं काही आकाशातलं नव्हतं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचं शिक्षण. तेही सगळीकडे एकदम नाही, ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांना हवं त्यांनी सरकारच्या परवानगीनं सुरू करायचं. बापाची कमाई महिन्याला दहा रुपयांच्या आत असेल तर फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारनं उचलावा. बस्स, एवढंच! सरकारचं उत्तर होतं की पैसे नाहीत, लोकांची तयारी नाही, वेळ आलेली नाही. तीनच महिन्यांपूर्वी दिल्लीला बादशहाचा दरबार थाटात झाला होता आणि नवी राजधानी बांधायची घोषणाही झाली होती. त्याला पैसे होते.

आणि सगळं खापर गोऱ्यांवर फोडू नका. आपल्यातले जमीनदारही कुरकुरत होते की पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे लिहून दिलं होतं की निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण द्या. गोखल्यांच्या तीस वर्षं आधी! बडोद्याला सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये राज्यभर कायदा केला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केला. म्हणजे पैसे नाहीत, तयारी नाही, हे सगळं खोटं होतं. इथल्याच मातीत, इथल्याच माणसांनी ते करून दाखवलं होतं.

आता घरचं सांगतो. नातेवाईकांना अर्धं माहीत आहे, अर्धं नसेल.

आमचे आजोबा, म्हणजे दादा, १९१२ साली सात-आठ वर्षांचे. अगदी गोखल्यांच्या बिलातल्या वयाचे. आमचं गाव वारणेच्या अलीकडे, इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. नदीपलीकडे कोल्हापूर संस्थान. पलीकडे कायदा झाला तेव्हा दादा बारा-तेरा वर्षांचे होते, आणि अलीकडे होते. गुरं राखत मोठे झाले. पुढे कधीतरी बहिणीच्या लग्नासाठी विहिरीजवळचा मळा गहाण टाकला. कागदावर अंगठा दिला. तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत असायचा. दादा त्या मळ्यावरून जाताना म्हणायचे, "पैसं जमलं की सोडवायचा." आणि खरोखर ते पैसे जमवत होते. वीस-बावीस वर्षं.

मी चौथीत गेलो तेव्हा, १९६१ साली, त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "वाच." कागद मोडीत. मला मोडी येईना. मग मी त्यांना आमच्या गुरुजींकडे घेऊन गेलो. गुरुजींनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "आप्पा, हे गहाणखत नाही. कायमचं खरेदीखत आहे."

दादांनी कागदाची घडी घातली, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "चल." वाटेत एक शब्द नाही. त्या दिवसानंतर ते मळ्याच्या वाटेनं कधी गेले नाहीत. मी मास्तर का झालो असं पुष्कळांनी विचारलं. पगारासाठी, असं मी सांगत आलो. तेही खरंच आहे. पण कारण हेही आहे.

पुतण्या, आता सांग. दादांना काय हवं होतं? चाबूकवाला हुकूमशहा? की आठव्या वर्षी चार इयत्ता शिकवणारा एक मास्तर? आणि असे दादा देशात कोट्यवधी होते. १९११ च्या खानेसुमारीत शंभरात सहा माणसं साक्षर होती.

मला दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. एक, गोखल्यांचं बिल सुरुवातीला मुलग्यांपुरतंच होतं. माझ्या आजीचा अंगठा त्यानं पुसला नसता. दुसरी, नुसत्या शाळेनं सगळं भागत नाही. श्रीलंकेनं १९४५ पासून शिक्षण फुकट केलं, लोक साक्षर झाले. पण १९५६ मध्ये सिंहली हीच एक राजभाषा केली, तमिळांना परकं केलं, आणि १९८३ पासून सव्वीस वर्षं यादवी भोगली. २०२२ मध्ये दिवाळंही निघालं. शाळा पाया आहे, घर नव्हे. पण पायाशिवाय घर कुणी बांधलंय का?

इंग्रज गेल्यावर तरी आपण काय केलं? घटनेच्या ४५ व्या कलमात दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शिक्षण देण्याची उमेद होती. म्हणजे १९६० पर्यंत. १९६१ च्या जनगणनेत साक्षरता २८ टक्के. कायदा झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या मागणीनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी. यात कुणी लोकशाही आड आली नव्हती. आडवा आला तो आपलाच विचार, की आपली पोरं शिकली म्हणजे झालं.

आजही कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडची कुटुंबं ऊस तोडायला आमच्याकडे येतात. बैलगाडीवर आई-बाप असतात आणि मोळीवर सात-आठ वर्षांचं पोर बसलेलं असतं. शाळेच्या वेळेला. ते पोर पाहून मला दादा दिसतात. शंभर वर्षांनी एखादा ब्लॉगवाला लिहील की तेव्हा जर असं झालं असतं तर... त्याचा तो 'जर' आज आपल्या फाटकासमोरून रोज जातो आहे.

तेव्हा पुतण्या, पुढच्या दिवाळीला हुकूमशहा मागायच्या आधी एक कर. तुमच्या सोसायटीचं बांधकाम चाललंय, तिथल्या मजुरांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते विचारून ये. मग बोलू. चकल्या मी आणतो.