ज्याच्या चेंडूचा खळगा, त्यानेच तो नीट मिटवावा

वाडी, दत्तवाडी, वायुसेनानगर, अंबाझरी आयुध निर्माणी वसाहत आणि एकूणच नागपूर परिसरातील सर्व गोल्फपटू, कॅडी, प्रशिक्षक व शिकाऊ खेळाडू यांना जाहीर आवाहन

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर पडला की तिथे खळगा होतो. पलीकडच्या कडेला गवताची जिभली उचकटून उभी राहते आणि तळाची हरळी चिरडून मातीत दाबली जाते. गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाने असा खळगा पाहिला आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण वाकून तो दुरुस्तही करतात. तरीही ग्रीनवर तपकिरी ठिपके दिसतच राहतात. याला कारणे दोन. काही खळग्यांना कुणी हातच लावत नाही, आणि ज्यांना हात लागतो त्यांतले अनेक चुकीच्या रीतीने उकरले जातात. पहिली चूक आळसाची आहे, ती सांगून सुधारते. दुसरी अधिक नुकसान करते, कारण ती करणाऱ्याला आपण चांगलेच काम केले असे वाटते. म्हणून हे आवाहन केवळ "खळगे दुरुस्त करा" एवढेच म्हणत नाही. ते योग्य रीतीने दुरुस्त करायला शिका आणि दुसऱ्यालाही शिकवा, अशी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.

चूक नेमकी कुठे होते ते पाहू. बहुतेक हात दोन काट्यांचे अवजार खळग्याच्या आत खुपसतात, दांडा खाली दाबतात आणि तळाची माती वर उचलतात. खळगा लगेच सपाट दिसतो, वरून पटरने थोपटले की कामही संपल्यासारखे वाटते. पण तळाच्या गवताची मुळे या उचकटण्याने तुटलेली असतात. वर आलेली माती उघडी पडते, दोन दिवसांत सुकते आणि तिथे डाग उमटतो. योग्य रीत याच्या नेमकी उलट आहे. काटे खळग्याच्या बाहेर, कडेलगतच्या निरोगी गवतात खुपसावेत आणि दांडा खळग्याच्या मध्याकडे ढकलावा, म्हणजे कडेचे जिवंत गवत आत सरकते. पलीकडच्या उचकटलेल्या कडेपासून सुरुवात करून असे चारही बाजूंनी करावे. जिभली मुळाला धरून असेल तर तीही आतच वळवावी, सुटून आलेला मेलेला तुकडा मात्र काढून टाकावा. शेवटी पटरच्या तळाने किंवा बुटाने हलकेच दाबावे. तळ वर उचलायचाच नाही. खळगा भरून निघतो तो बाजूच्या गवताने, खालच्या मातीने नव्हे. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर बाकीचे हाताला आपोआप जमते.

आपल्या हवामानात या रीतीला विशेष महत्त्व आहे. ग्रीनवरचे गवत बहुतेक ठिकाणी हरळीच्या जातीचे किंवा तिच्या संकरातून तयार केलेले असते. बांधावरची हरळी चिवट म्हणून ओळखली जाते, त्यामुळे "हरळीच ती, येईल परत" असे आपण सहज म्हणतो. पण ग्रीनवर तीच हरळी काही मिलिमीटरपर्यंत कापलेली असते. पाने तोकडी, म्हणून अन्नही थोडकेच तयार होते आणि जखम भरायला ताकद कमी उरते. शिवाय हरळी ही उन्हाळी प्रकृतीची आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा तिची वाढ जवळजवळ थांबते, आणि खेळायला सर्वांत सुखाचे दिवस नेमके तेच असतात. मैदानावर वर्दळ अधिक, गवत निद्रिस्त, अशा वेळी चुकीने उकरलेला खळगा आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की उघडी पडलेली मुळे बघता बघता करपतात. पावसाळ्यात वाढ जोमाची असली तरी जमीन मऊ असल्याने खळगे सर्वांत खोल पडतात. म्हणजे आपल्याकडे एकही ऋतू असा नाही की ज्यात निष्काळजीपणा खपून जाईल.

याचा खेळावर होणारा परिणामही तपासून पाहावा. गोल्फच्या चेंडूचा व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर असतो, आणि त्याने ज्या होलमध्ये जायचे त्याचा व्यास 108 मिलिमीटर. दोहोंतला फरक हातभरही नाही. पट केलेला चेंडू होलजवळ येतो तेव्हा त्याचा वेग सर्वांत कमी असतो, म्हणून तिथला बारीकसा उंचवटासुद्धा त्याला वळवू शकतो. खेळाडूने उतार अचूक वाचलेला असतो, फटकाही बरोबर बसलेला असतो, आणि परवाच्या कुणाच्या तरी खळग्याने चेंडू बाजूला जातो. समजा, एका दिवसात चाळीस जण खेळले आणि प्रत्येकाने चारच खळगे तसेच सोडले, तरी संध्याकाळपर्यंत एकशे साठ खळगे होतात. त्यातले बरेचसे होलच्या आसपासच असणार, कारण सर्वांचा नेम तिकडेच असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आम्ही वर्गणी भरतो, माळी कशासाठी आहेत? माळी गवत कापतात, पाणी देतात, वाळू पसरतात, होलची जागा बदलतात, रोगराई सांभाळतात. पण खळगा पडतो त्या क्षणी तिथे माळी नसतो, खेळाडू असतो. गवत ताजे आणि ओलसर असताना केलेली दुरुस्ती आणि दुसऱ्या सकाळी सुकलेल्या गवतावर केलेली दुरुस्ती यांत मोठा फरक पडतो. वर्गणीने माळ्याचे श्रम मिळतात, तो नेमका क्षण मिळत नाही. आणि या श्रमांकडे कमीपणाने पाहण्याचे काहीच कारण नाही. 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकणारे एस. एस. पी. चौरासिया हे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधील ग्रीनकीपरचे सुपुत्र. ग्रीनची निगा राखणाऱ्या घरातून देशाचा विजेता घडला. त्या कामातला आपला वाटा उचलणे हा खेळाडूचा मानच आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. खळगे मिटवत बसलो तर मागचा गट खोळंबेल, असे म्हटले जाते. पण सराव असेल तर एका खळग्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात, आणि सोबती पटची तयारी करत असतो तेवढ्यात ते काम होऊन जाते. नियमांचीही आडकाठी नाही. चेंडूने पडलेले खळगे ग्रीनवर मिटवण्याची मुभा पूर्वीही होती. 2019 पासून लागू झालेल्या नियमांनी बुटांच्या खुणांसह जवळपास सर्व प्रकारचे नुकसान दुरुस्त करण्याची सवलत दिली, आणि मैदानाची काळजी घेणे हा खेळाडूच्या वर्तनाचा भाग आहे हे पहिल्याच नियमात नोंदवले. विनाकारण वेळ काढू नये, एवढीच अट आहे. कुणी म्हणेल, चुकीची दुरुस्ती इतकी घातक असेल तर नवशिक्याने हात न लावलेलाच बरा. हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. नवशिक्याने पहिल्याच दिवशी फटक्याबरोबर ही रीतही शिकावी, हे त्याचे खरे उत्तर. ग्रिप शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याहून हिला कमीच लागतो.

तिसरा आक्षेप मैदानाबाहेरून येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. पाण्याची ओढाताण असलेल्या शहरात मूठभर लोकांच्या हिरवळीची एवढी चिंता कशाला? जुलै 2019 मध्ये तोतलाडोह धरणाचा साठा आटल्याने नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले होते, ते कुणी विसरलेले नाही. हा प्रश्न विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. पण त्याचे उत्तर याच आवाहनाच्या बाजूने जाते. जखमी ग्रीन सावरायला जास्तीचे पाणी, खत, वाळू आणि मजुरी लागते. जे नुकसान खेळाडू दहा सेकंदांत विनाखर्च थांबवू शकतो, त्याच्या भरपाईसाठी पाणी ओतणे समर्थनीय नाही. भारतातल्या अनेक छोट्या आणि लष्करी मैदानांवर गवताऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे "ब्राऊन" वापरले गेले. तिथे पट झाल्यावर वाळू ओढून पुढच्या गटासाठी सपाट केली जाते. ग्रीन ही पाण्यावर पोसलेली चैन असेल, तर ती मिळणाऱ्याने ब्राऊनवरच्या खेळाडूपेक्षा अधिक काळजी घेतली पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक खेळाडूने दुरुस्तीचे अवजार खिशात ठेवावे. ते नसेल तर लाकडी टीच्या टोकानेही हीच रीत साधते. ग्रीनवर पोचताच आधी स्वतःचा खळगा शोधावा, तो मिटवावा, आणि जवळपास दुसऱ्या कुणाचा राहिलेला दिसला तर तोही मिटवावा. ज्येष्ठ खेळाडूंनी चुकीने उकरणाऱ्याला न दुखावता, पण तिथल्या तिथे योग्य रीत दाखवावी. प्रशिक्षकांनी नव्या मुलांचा पहिला धडा ग्रीनवर गुडघा टेकून घ्यावा. क्लब आणि मैदान समित्यांनी स्पर्धेच्या सकाळी पहिल्या टीवर पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि ते ग्राउंड स्टाफपैकीच एखाद्याकडून करून घ्यावे, कारण ही विद्या त्यांच्याइतकी कुणालाच येत नाही. थंडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही सवय लागली, तर त्या हंगामात हरळी वाढायची थांबली तरी आपली ग्रीन शाबूत राहील. येत्या फेरीपासूनच सुरुवात करावी, ही सर्वांना नम्र विनंती.

— वाडी परिसरातील एक गोल्फप्रेमी