आधी ठिणगी बघा!

सर्व्हर झोपला की आपण काय करतो? रीस्टार्ट! तरी नाही उठला, की तीन जण एकदम तीन गोष्टी बदलतात. मग तो उठतो, पण नक्की कशानं उठला हे कुणालाच सांगता येत नाही. (मॅनेजर मात्र ‘इश्यू रिझॉल्व्हड’ची मेल टाकून मोकळा!) हा फंडा अजिबात न चालणारी एक वस्तू सध्या माझ्या गॅरेजमध्ये लाकडी स्टँडवर लटकतेय. 1957चं, साडेपाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, पंख्यासकट उचलून नेता येणारं इंजिन. मालवणला गेला असाल तर पाहिलंच असेल. मी नोकरीसाठी राहते ते मिलवॉकी तर त्याचं माहेरच. नॉर्वेहून लहानपणी आलेल्या ओले एव्हिनरूडनं 1909 मध्ये इथूनच दीड हॉर्सपॉवरची इंजिनं विकायला काढली. मैत्रिणीसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला, परतेपर्यंत ते वितळलं आणि त्याला इंजिन सुचलं, ही इथली लाडकी गोष्ट. मला आवडते ती मैत्रीण, बेस. पुढे दोघांचं लग्न झालं आणि धंदा, जाहिराती हे सगळं तिनं सांभाळलं. त्यांच्या नावाची नवी इंजिनं 2020 मध्ये बंद झाली. जुनी मात्र कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये पडून आहेत.

माझ्याकडचं इंजिन शेजारच्या आजोबांचं. वय ऐंशीच्या पुढे, घर विकून झालंय, मुक्काम हलणार वृद्धांसाठीच्या अपार्टमेंटमध्ये. मुलाचा हिशोब रोखठोक: चालू असेल तर नेतो, नाहीतर भंगारात. शनिवारी तो ट्रक घेऊन येतोय. आजोबांचे हात थरथरतात, बारीक स्क्रू धरवत नाही. म्हणून डोकं त्यांचं, हात माझे.

माझे हात पहिल्यांदा कार्बोरेटरकडेच गेले, आणि आजोबांनी तिथेच थांबवलं. आधी ठिणगी. चेतकच्या जमान्यातले बाबाही हेच करायचे, आठवतंय? स्कूटर आडवी करायची, किक मारायची, मग प्लग काढून बघायचा. हेही तसंच टू-स्ट्रोक. दोन्ही प्लग काढले, भोकावर अंगठा ठेवून दोरी ओढली. अंगठा फट्‌कन उडाला. दोन्हीकडे सारखाच जोर, म्हणजे पिस्टन-रिंगा धडधाकट. प्लग इंजिनच्या धातूला टेकवून पुन्हा दोरी. एकाला फिकट पिवळी ठिणगी, दुसऱ्याला काहीच नाही.

म्हणजे दुखणं फ्लायव्हीलखाली. ते जड चाक हातोडीनं ठोकून काढायचं नसतं, पुलर लावूनच काढायचं. खाली दोन कॉइल आणि दोन कॉन्टॅक्ट पॉइंट, प्रत्येक सिलिंडरला एकेक. साठी कधीच ओलांडलेल्या कॉइलच्या आवरणाला उभ्या चिरा गेल्या होत्या. करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच तिथून निसटतो. या कॉइल आजही नव्या मिळतात, त्या बसवल्या. पॉइंटवर काजळी होती, ती माझ्या व्हिजिटिंग कार्डानं पुसली (त्या पदाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला!). मग फीलर गेज घालून पॉइंटमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर केली. दोरी ओढली. निळी, कडक ठिणगी, चट्‌ असा आवाज! आजोबा काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली.

त्यानंतर कार्बोरेटर. जुन्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा साफ करायला एक संध्याकाळ. टाकी दोन नळ्यांची: एकीतून इंजिनच टाकीत दाब भरतं, दुसरीतून पेट्रोल वर चढतं. त्यामुळे झाकणाचं गॅस्केट गळकं असलं तर इंजिन उपाशी. तेही बदललं. पेट्रोलच्या चोवीस भागांना ऑइलचा एक भाग. आजकालच्या इंजिनांचं पन्नासाला एक हे प्रमाण या म्हाताऱ्याला मानवत नाही, बेअरिंगं कोरडी पडतात.

काल अंगणात, पाण्यानं भरलेल्या पिंपात इंजिन उभं केलं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र काही क्षणांतच खलास होतं. ते चक्र आधीच नवं घातलं होतं. चोक ओढला, एक, दोन, पाच दोऱ्या... सहावीला निळा धूर आणि असा काही खडखडाट की समोरची कुत्री भुंकायला लागली. मागून पाण्याचा फवारा उडाला, म्हणजे थंडावा मिळतोय. आजोबांनी थरथरता हात सिलिंडरवर ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

आता गिअरचं तेल तेवढं राहिलंय. रात्रभर इंजिन उभं ठेवलंय, पाणी शिरलं असेल तर तळाला बसेल. सकाळी ऑफिसला जाण्याआधी खालचा स्क्रू काढायचा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ निघालं, तर सील गेलं. मग ते शोधायला, मागवायला आणि बसवायला हातात उरतात तीन दिवस.