मॅलरीचे चित्र आणि एव्हरेस्टची सावली

१/ लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी याचे एक तैलचित्र आहे. चित्रकार डंकन ग्रँट. काळ १९१२च्या सुमाराचा. हे चित्र पाहताना मॅलरीच्या डोळ्यांत एव्हरेस्टची ओढ शोधण्याचा मोह सहज होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो टाळलाच पाहिजे.

२/ चित्र रंगवले गेले तेव्हा एव्हरेस्टची मोहीम अस्तित्वातच नव्हती. तिबेटमार्गे पहिली ब्रिटिश तुकडी निघाली ती १९२१ साली. १९१२चा मॅलरी हा पंचविशीतला, चार्टरहाउस शाळेत शिकवणारा तरुण होता. सुट्टीत तो वेल्सचे कडे आणि आल्प्स चढत असे, हे खरे. परंतु ग्रँटसमोर तो बसला तो मित्र म्हणून. केंब्रिजमधल्या ओळखींतून तो लेखक-कलावंतांच्या ब्लूम्सबरी वर्तुळाजवळ आला होता आणि त्याच्या देखणेपणाने त्या वर्तुळाला भुरळ घातली होती. लिटन स्ट्रेचीची पत्रे याची साक्ष देतात. (पत्रांतला उत्साह आज वाचतानाही गंमत वाटावी असा आहे.) ग्रँटने त्याची छायाचित्रेही टिपली.

३/ ग्रँटचा ध्यासही निराळाच होता. रॉजर फ्रायने १९१० आणि १९१२ साली भरवलेल्या प्रदर्शनांनी सेझान, मातीस यांची कला लंडनकरांपुढे आणली. दुसऱ्या प्रदर्शनात ग्रँटची स्वतःची चित्रेही होती. केवळ रंगांतून मानवी देह कसा उभा राहतो, हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणूनच या चित्रात दोर नाही, आइस-ॲक्स नाही. हिमशिखर तर नाहीच.

४/ मग एव्हरेस्ट आला कोठून? ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन शिखराच्या वाटेवर दिसेनासे झाले. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी, सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर सापडला. मधल्या पाऊणशे वर्षांत जी दंतकथा रचली गेली, तिचा लेप या जुन्या चित्रावरही चढला.

५/ या दंतकथेत ७ जून १९२२ हा दिवस मात्र मागे पडतो. त्या दिवशी नॉर्थ कोलच्या उतारावर हिमप्रपात कोसळला आणि सात भारवाहक मृत्युमुखी पडले. त्या चढाईचे नेतृत्व मॅलरीकडे होते आणि त्या मृत्यूंचा दोष त्याने पत्रांतून स्वतःकडे घेतला. त्या सातजणांना ग्रँटसारखा चित्रकार मित्र लाभण्याचा प्रश्नच नव्हता.

६/ मॅलरीच्या मुद्रेवर एव्हरेस्ट वाचायचाच, तर तो त्या जूनमधल्या मुद्रेवर वाचावा लागेल. ग्रँटने रंगवलेला चेहरा त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीचा आहे.