शुक्रधातूची परीक्षा प्रयोगशाळेतही व्हावी

खडकवासला परिसरात चिकित्सा करताना आम्हांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : "वैद्यराज, वनस्पतीचेच औषध ना, मग त्याने अपाय कसला?" उत्तर देण्यापूर्वी सरकीचे उदाहरण ध्यानी घ्यावे.

सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल हे द्रव्य असते. असे तेल खाणाऱ्या चिनी खेड्यांत अपत्यहीनता आढळल्यावर १९७० च्या दशकात तेथे आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून गॉसिपॉलच्या चाचण्या झाल्या. शुक्राणूंची निर्मिती थांबली; परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटले, तर काहींची प्रजननक्षमता औषध सोडल्यावरही परतली नाही. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने हे संशोधन सोडून द्यावे असा निष्कर्ष काढला. द्रव्य मात्र वनस्पतीचेच होते!

येथेच प्रयोगशाळेचे मोल कळते. शुक्राणूंची संख्या घटली, एवढे पाहून भागत नाही. खडकवासला धरणाचे दार मिटले तर मुठेचे पाणी अडते, उघडताच पुन्हा वाहते. पण उगमच आटला तर दार उघडून काय उपयोग? तद्वत द्रव्याचा घात वृषणातील मूळ पेशींवर होतो, त्यांच्या पुढील विभाजनावर होतो, की पक्व शुक्राणूंच्या केवळ गतीवर, हे शुक्राणूंच्या तपासणीसोबत वृषणाचे सूक्ष्म छेद पाहिल्यावरच उमजते. रॅट जातीच्या उंदरात शुक्राणू घडण्यास सुमारे ५२ दिवस लागतात, मनुष्यात सुमारे ७४. म्हणून आठवडाभराच्या प्रयोगावरून निर्वाळा देता येत नाही. औषध थांबविल्यानंतरही तितकाच काळ निरीक्षण हवे.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. क्षाराच्या अतिसेवनाने केश, नेत्र व हृदय यांसह पुंस्त्वाचाही उपघात होतो, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात बजावले आहे.

ग्रंथोक्त कल्पांना त्यांच्या ग्रंथोक्त उपयोगासाठी सुरक्षिततेच्या चाचणीची सक्ती २०१० च्या नियम १५८-ब मध्ये नाही, हे खरे. परंतु सक्ती नाही म्हणून कर्तव्य टळत नाही. दीर्घकाळ घ्यावयाच्या स्वनिर्मित कल्पांची शुक्रजननावरील परीक्षा फार्मसीधारकांनी करवून घ्यावी आणि तोवर वेष्टनावर 'पूर्णतः निर्धोक' असे छापू नये. वैद्यबंधूंनीही अपत्येच्छू पुरुषास असे औषध देण्यापूर्वी व तीन महिन्यांनी शुक्रपरीक्षण करवून नोंद ठेवावी. अपत्याच्या आशेने आपल्या दारी येणाऱ्या दांपत्याचे एवढे देणे आपण लागतो, असे आम्हांस वाटते.